तोनचा एकच चमचा

२०१९ साल होतं आणि तोन अडुसष्ट वर्षांचा होता. मी हॉलंडमधल्या न्यूनेन गावी लेकीकडे कायमचा राहायला आलो त्याच आठवड्यात या शेजाऱ्याने मला त्याच्या परसातल्या शेडमध्ये बोलावलं. शेगडीवर लोखंडी भांड्यात शिसं वितळत होतं. लांब दांड्याच्या चमच्याने त्याने वरची मळी बाजूला काढली, चमचा पँटला पुसला आणि त्याच चमच्याने दोन कपांतली कॉफी ढवळली. एक कप माझ्यापुढे धरला. "बुरमान, कॉफी." बुरमान म्हणजे शेजारी. मी कपाला हात लावला नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण जन्म कोल्हापूरच्या लोखंडाच्या ओतशाळेत गेला. भट्टीशेजारी कुणी भाकरी सोडली तर मुकादम ती उचलून बाहेर भिरकावायचा आणि वर दोन शिव्या द्यायचा. तोनला मी हातवाऱ्यांनी सांगितलं, हे विष आहे. तो हसला. बायकोला जाऊन काय सांगितलं, तर हिंदू लोक कॉफी पीत नाहीत. त्याची बायको, रीत तिचं नाव, भली बाई. पुढच्या खेपेला ती माझ्यासाठी मुद्दाम चहा घेऊन आली. तोनने तोही त्याच चमच्याने ढवळून दिला.

तोन निवृत्त बसड्रायव्हर. नेमबाजीच्या क्लबात जायचा, पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. विकतची काडतुसं वापरणं त्याला कमीपणाचं वाटे, म्हणून गोळ्या घरी ओतायचा आणि काडतुसंही स्वतः भरायचा. हात बोटांच्या पेरांपासून मनगटापर्यंत काळे. त्याच हातांनी दुपारी चीज घातलेला पाव खायचा आणि अंगठा चाटायचा. मी तोंड फिरवायचो. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "दुट हेट नोख." अजून चालतंय. कोपरावर फाटलेलं जाकीट? दुट हेट नोख. ब्रेक नसलेली सायकल? दुट हेट नोख. हातमोजे फाटून दोन बोटं बाहेर आली होती, तरी तेच. काही टाकून द्यायचं म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं.

तो डच बोलायचा, मी मराठी; त्याचं मला अर्धंमुर्धं कळायला लागलं होतं आणि अडलं की दोघं हात नाचवायचो. भांडायला तेवढं पुरे होतं.

एकदा तो क्लबातून नेम धरायचा कागद घेऊन तावातावाने आला. गोळीचं भोक गोल असायला हवं, याची भोकं लांबुळकी. गोळी हवेत आडवी होऊन जात होती. पिस्तुलाच्या नळीतही शिसं चिकटून बसलेलं. मी त्याच्या गोळ्या हातात घेतल्या. अंगावर सुरकुत्या, बुडाच्या कडा बोथट. साचा नीट भरलाच नव्हता.

"साचा गार आहे तुझा," मी म्हटलं.

"साचा चांगला आहे. तुला लोखंड कळतं, शिसं नाही."

साचा तापवला, तरी गोळ्या तशाच. म्हणजे माझंही चुकलं होतं, पण ते मी त्याच्यासमोर बोललो नाही. मग भांड्यात वाकून पाहिलं. शिसं पाण्यासारखं पडायला हवं, हे पिठल्यासारखं गुठळ्या धरून बसलेलं. शिसं कुठलं, तर गॅरेजवाल्यांकडून मागून आणलेली, गाड्यांच्या चाकांवरची जुनी वजनं. ती तो बादलीतून तशीच भांड्यात ओतायचा, निवडायचा नाही. मी बादलीतली दोन वजनं पकडीने दाबली. एकावर दात उमटले, दुसऱ्यावर ओरखडासुद्धा नाही.

"हे जस्त आहे, गुठळ्या याच्याच. तुझं सगळं भांडं नासलं. टाकून दे."

त्याने भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "थोडं चांगलं शिसं मिसळतो. दुट हेट नोख."

मी दार आपटून घरी आलो. महिनाभर त्याच्या शेडची पायरी चढलो नाही.

त्या महिन्यात रीतकडे कुंपणावरून बघायचो. पांढरी पडली होती. पोट धरून बागेत बसायची, दोन फुलं खुडली की धाप लागायची. शेड तीच झाडायची, तोनची शिशाने माखलेली पँट तीच धुवायची आणि रोज त्याच्या हातची कॉफी प्यायची. तिच्या डॉक्टरने वयाचं कारण सांगून गोळ्या दिल्या होत्या. एकदा ती माझ्याशी बोलताना हसली आणि तिच्या हिरड्यांच्या कडेला मला निळसर काळी रेघ दिसली. अशी रेघ मी पूर्वी पाहिली होती. आमच्याकडे जुन्या बॅटऱ्यांचं शिसं गाळणारा बाबू होता, त्याच्या तोंडात. बाबू गेला.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इथे असं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसत नाहीत. त्यांचा हाउसआर्ट्स, घरचा डॉक्टर, आहे ना बघायला."

"तुझा हाउसआर्ट्स तिच्या हिरड्या बघतो का? तू येतेस की मी एकटा जाऊ?"

"तुम्ही एकटे जाऊन काय बोलणार?"

"तोंड उघडून दाखवीन."

ती कपाळावर हात मारून उठली. दोघं गेलो. तोन घरी नव्हता. लेकीने रीतला डचमध्ये समजावलं, डॉक्टरला रक्तातलं शिसं तपासायला सांगा म्हणून. तपासलं. दोघांच्याही रक्तात निघालं, रीतच्या फार. तिला दवाखान्यात ठेवून घेतलं.

त्याच संध्याकाळी तोन कुंपणाशी आला. मला वाटलं आता भांडणार, मी तयारीतच होतो.

"ती म्हणते, शेड तशीच असेल तर मी घरी येणार नाही." मग म्हणाला, "मी तर ठणठणीत आहे, बुरमान."

"तू घाणेरडा आहेस," मी मराठीत सांगितलं. "बायकोला चमच्याने विष पाजलंस आणि अजून मी ठणठणीत म्हणतोस."

शब्द कळले नसतील. तो मान खाली घालून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याने दार वाजवलं. बाहेर सायकलमागे जोडायच्या गाडीत भांडं, साचे, वजनांची बादली, हातमोजे, सगळं भरलेलं. गावाच्या कचरा-केंद्राकडे आम्ही चालत गेलो, तो ढकलत आणि मी मागून. मी हात लावला नाही. तिथल्या माणसाने विषारी कचऱ्याचं पिंप दाखवलं. सगळं त्यात गेलं. शेवटी तोनने जाकिटाच्या खिशात खोचलेला चमचा काढला.

कामगाराने तो उलटसुलट करून पाहिला. "हा चांगला जाड आहे की. जुन्या वस्तूंच्या फळीवर ठेवा, कुणीतरी नेईल. दुट हेट नोख."

तोनने चमचा त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पिंपात टाकला. "नाही," तो म्हणाला. "आता नाही चालत."

मग त्याने हात पँटला पुसला आणि हात मिळवायला माझ्यापुढे केला. मी भिंतीवरच्या नळाकडे बोट दाखवलं. तो गेला, कामगाराकडून साबण मागून घेतला आणि कोपरापर्यंत घासत बसला.