काट्यांचा नकाशा

पंक्चर काढण्याआधी भाऊ पकडीने काटा उपसतात, चष्म्याजवळ धरतात आणि विचारतात, "कुठं भेटला हा?" मी सातवीत शाळा सोडून कोकणातून जळगावात आलेला, सायकलवर डबे पोचवणारा माणूस. घाबरून म्हणायचो, "भाऊ, रस्त्यात." मग ते मोबाइल पुढे करायचे. त्यात कुणालाही भर घालता येते असा फुकटचा नकाशा आहे. "बोट ठेव."

दोनदा पंक्चर होऊन डबे उशिरा पोचले, तेव्हा खानावळवाल्या अक्का म्हणाल्या, "तिसऱ्यांदा झालं तर सरळ गावाची गाडी धर." हे कळल्यावर भाऊंनी दुकानाचं दार लोटलं आणि खानावळीपासून मी डबे देतो त्या दवाखान्यापर्यंत माझ्यासोबत पायी आले. स्वतः चालल्याशिवाय ते नकाशात रेघ ओढत नाहीत. बाभळीखालच्या वाटेवर त्यांनी 'काटे आहेत' अशी नोंद केली आणि शाळेमागचा बोळ नव्याने काढला. आता पेपरवालेसुद्धा तिथूनच जातात.

भाऊंनी नकाशात सगळे काटे दाखवून टाकले, म्हणून शेजारचा चहावाला हसत अहिराणीत म्हणाला, "बठ्ठा काटा दखाडी दिधात भाऊ! आते तुमना दुकानमा कोन येई?"

"हवा भराले येतीन," भाऊ म्हणाले.

तेव्हापासून मला एकही पंक्चर नाही. नोकरी टिकली. भाऊ मात्र बहुतेक वेळा रिकामेच बसलेले दिसतात, म्हणून मी रोज हवा भरायला थांबतो. ते अंगठ्याने टायर दाबून बघतात. टायर दगडासारखा टणक असतो. मग माझ्याकडे एकदा बघून ते थोडी हवा सोडतात आणि पंप घेऊन पुन्हा भरतात.