निळीचं विरजण

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मी नमुन्याच्या कापडाशी रंग जुळवतो. अर्धा टक्का फरक पडला तरी मला दिसतो. त्यामुळे मुलगी जीवाणूंकडून नीळ बनवून घेण्याच्या संशोधनाला लागली, तेव्हा तिचं काम मला समजेल असं वाटलं.

डिंडोलीच्या घरी जेवताना ती शब्द समजावून सांगे. जनुक म्हणजे एका पदार्थाची कृती. प्लास्मिड म्हणजे ती कृती लिहिलेली सुटी चिठ्ठी, जीवाणूच्या पोटात घालायची. प्रमोटर म्हणजे कृती सुरू करणारं बटण.

"आणि जीवाणू म्हणजे चासी. ट्रकचा नुसता सांगाडा असतो ना, तशी. वर काय बांधायचं ते आपण ठरवायचं."

"मग तुझ्या ट्रकचं ॲव्हरेज किती?"

"पप्पा, तुम्ही देवालासुद्धा टक्के विचाराल!"

रोज संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून फ्लास्कचा फोटो पाठवी. गडद निळा. पुढे तो मला फिका वाटू लागला. तसं कळवलं, तर उत्तर आलं, "कॅमेऱ्यामुळे." मग फोटो येणंच थांबलं.

खरं काय झालं ते तिने एका रविवारी सांगितलं. नीळ बनवणं हे जीवाणूला ओझंच. एखादा चिठ्ठी टाकून देतो, मोकळा होतो, भराभर वाढतो. थोड्या पिढ्यांत फ्लास्कभर त्याचाच वंश. म्हणून मूळ जीवाणू गोठवून ठेवायचे आणि दर वेळी त्यातूनच सुरुवात करायची. हिने कालच्या फ्लास्कमधला थेंब आजच्यात टाकला, आजच्यातला उद्याच्यात. घरात तेच बघत आली. आमच्याकडे मूळ विरजण कोणी वेगळं जपत नाही. कालचं दही हेच विरजण. मूळ जीवाणूंची गोठवलेली नळी तिने आधीच वापरून टाकली होती. मुदत वाढवून मिळाली नाही. संशोधनाची जागा गेली.

"माझं विरजण लग्नानंतर धुळ्याहून आणलेलं," बायको समजूत घालायला म्हणाली. "अजून जसंच्या तसं आहे बघ, पोरी."

"नाहीये, मम्मी. तू कधी तपासलं नाहीस, एवढंच."

बायको दह्याची वाटी हातात धरून उभी राहिली.

आता मुलगी कापड मार्केटमध्ये एका दुकानाच्या साड्या ऑनलाइन चढवते. जेवताना बोलत नाही. परवा मी तिला तो पहिला फोटो दाखवला.

"पुसून टाका, पप्पा."

पुसलेला नाही. पण त्याचा उपयोगही नाही. मिलमध्ये कोणी रंगाचा फोटो घेऊन आला तर मी त्याला कापड आणायला सांगतो. फोटोवरून रंग जुळत नाही. तिच्या निळीत एक धागासुद्धा कधी बुडवला गेला नव्हता.