तानुबाईंचा एमआरआय

तानुबाई अकोटजवळच्या उपकेंद्रात एकतीस वर्षं नर्स होत्या. नाले ओलांडून लसी टोचायला जायच्या, अडलेल्या बाळंतिणी सोडवायच्या. निवृत्तीनंतर त्यांच्या हृदयाचे ठोके फार मंदावले, म्हणून चार वर्षांपूर्वी अमरावतीला पेसमेकर बसवला.

यंदा उन्हाळ्यात उजवा पाय बधिर पडू लागला. डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला. मुलगा अनुप त्यांना अकोल्याच्या एका सेंटरवर घेऊन गेला. पेसमेकर म्हणताच तिथल्या टेक्निशियनने फॉर्म परत केला.

"होत नाही, आजी. चुंबकानं पेसमेकर बिघडतो."

"सगळ्याइचाच बिघडते का?"

त्यानं पुढच्या पेशंटचा फॉर्म हातात घेतला. अनुप म्हणाला, "चाल आई, राहू दे."

"काहून राहू दे? पाय माहा बधिर होऊन राहिला, तुहा नाही."

बाहेर कडुनिंबाखाली बसूनच त्यांनी अमरावतीच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पेसमेकरच्या कार्डावरचा नंबर विचारून फाइल पाहिली. "मावशी, तुमचा पेसमेकर अन् त्याच्या तारा, दोन्ही एमआरआयला चालतात. पण आधी सेटिंग बदलावं लागतं. इकडेच या."

गुरुवारी मायलेक अमरावतीला गेले. डॉक्टरांनी छातीवर एक चपटं यंत्र ठेवून पेसमेकरचं सेटिंग बदललं. बोटाला नाडीचा चिमटा, छातीला ईसीजीच्या तारा लावल्या. शॉक द्यायचं यंत्र दाराबाहेर तयार होतं. माधवी नावाच्या टेक्निशियनने हातात रबरी चेंडू दिला.

"काही वाटलं तर दाबा, आजी. भेव वाटते का?"

"वाटते थोडं. जलमभर लोकाइले सांगत आली, काई होत नाई म्हून. त्याइले कसं वाटत असन, थे आज समजलं."

आत मशीन धडाधडा वाजू लागलं. तानुबाई डोळे मिटून लसीकरणाचं वेळापत्रक आठवत राहिल्या: जन्मताच बीसीजी, मग दीड महिन्याची... पाच वर्षांच्या डोसापर्यंत दोनदा जाऊन आल्या. चेंडू काही दाबावा लागला नाही.

डॉक्टरांनी लगेच पेसमेकर पहिल्यासारखा लावून तपासला. सगळं ठीक होतं. कमरेतली गादी सरकून शीर दाबत होती. ऑपरेशनची गरज नव्हती, औषध आणि व्यायाम पुरे. तानुबाईंनी रस्त्यावरच्या गाडीवर दोन प्लेट दह्यातला गिला वडा खाल्ला. अनुपला एकच मिळाली.

आता पायाला बरंच बरं आहे. रोज सकाळी ओसरीत सतरंजी टाकून त्या व्यायाम करतात. शेजारच्या माणिकबाईही येतात. त्यांची कंबर दुखत नाही, पण गप्पा चांगल्या होतात.