केरू पळतोय, कुणी गेलेलं नाही

केरूला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं दुधाचं पातेलं पडलं. दोष त्याचा नव्हता. आमच्या क्वार्टरच्या मागे जांभूळमुऱ्याची टेकडी. तिथल्या रानातून एक उंच, काटक पोरगा अनवाणी, सदरा कमरेला बांधलेला, सुसाट खाली येत होता. माझा मुलगा त्या वर्षी साताऱ्याला बोर्डिंगात होता. आईचं डोकं कसं चालतं ते आयांनाच ठाऊक; पळत येणारा माणूस म्हणजे आपल्याच लेकराची बातमी. मी अंगणात धावले आणि ओरडले, "काय झालं रे?"

तो न थांबता म्हणाला, "काय न्हाई, वैनी. पळतोय."

आणि फाटकासमोरून ओढ्यात उतरून दिसेनासा झाला.

ही चौसष्ट सालची गोष्ट. माझे यजमान तेव्हा जावळीच्या रानात रेंजर होते. गुरामागे पळणारी, गव्याला भिऊन पळणारी माणसं तिथे पुष्कळ पाहिली, पण नुसताच पळणारा पाहिला नव्हता. संध्याकाळी यजमानांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "तो नाथाजींचा केरू. लष्करात भरती व्हायचंय त्याला." मग हळूहळू कळलं, की त्याला पाहून पातेलं टाकणारी मी एकटीच नव्हते.

नाथाजींच्या घराकडे पिढ्यान् पिढ्या सांगाव्याचं काम होतं. गावात कुणी गेलं की नाथाजींनी उठायचं आणि डोंगरापलीकडे, जिथे त्या घरच्या लेकी दिल्या असतील तिथे पळत जाऊन सांगायचं. तेही उंबऱ्याबाहेर उभं राहून. धो धो पाऊस असो की अंगात ताप असो, नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदला काय, तर भाकरी आणि पसाभर दाणे. छप्पन सालानंतर त्यांच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला, आणि नाथाजींनी पहिलं काही केलं असेल तर सांगावा टाकला. गावाने थोडे दिवस डोळे वटारले. मग निरोप कधी गवळ्याबरोबर, कधी बाजाराला निघालेल्या कुणाबरोबर जाऊ लागले. पोचले तर पोचले.

काम सुटलं, पण गावांच्या मनातली धास्ती कुठली सुटायला! त्या घरचा माणूस पळताना दिसला म्हणजे कुणीतरी गेलं, हे आजूबाजूच्या वाड्यांच्या हाडात बसलेलं. आणि केरू तर नेमका त्याच वाटांनी पळायचा, कारण पळण्याजोग्या वाटा त्याच. ओढा, मग अंजनी-जांभळीचं दाट रान, मग खिंडीची चढण, आणि पलीकडे आंबवडे.

केरू आदल्या वर्षी साताऱ्याच्या भरतीत पळताना शेवटच्या फेरीत मागे पडला होता. वस्तीतले धोंडीबा पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांनी सांगितलं, "सपाटीवर पळून छाती व्हत न्हाई रं. खिंड चढ. रोज चढ." केरूने ते मनावर घेतलं.

पहिला घोळ झाला तो चंद्राबाईचा. ती आंबवड्याला दिलेली; तिची आई जाईबाई इकडे जांभूळमुऱ्यात बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. केरू खिंडीतून उतरताना चंद्राबाईने अंगणातून पाहिला मात्र, तिने गळाच काढला. केरूला थांबवून विचारावं, एवढंही सुचलं नाही. तो आपला गावाला वळसा घालून परत गेला. इकडे चंद्राबाईने चुलीवर पाणी ओतलं, भावकी गोळा झाली, आणि सगळे रडत रडत खिंड चढून जांभूळमुऱ्यात आले. तर जाईबाई त्याच दिवशी जरा हुशारी वाटली म्हणून ओट्यावर पावटा सोलत बसलेली.

"कोन गेलं गं चंद्रे?" तिने विचारलं.

"तूच की गं आये!"

"मी कवा गेले? मला कुनी सांगितलं बी न्हाई."

हसावं की रडावं ते कुणाला कळेना. एवढ्या माणसांना जेवू घालताना जाईबाईच्या सुनेच्या नाकी नऊ आले. म्हातारी मात्र खूश. तिने केरूला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "लेकरा, महिन्या-पंधरवड्यानं त्यांच्या दारावरनं पळत जा. चंद्री लय दिवसांत आली नव्हती."

पाटलांना, म्हणजे भाऊसो पाटलांना, हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही. जाईबाई त्यांची चुलती. ते धोंडीबांना म्हणाले, "पोराला म्हनावं, रानात कुटं बी पळ, पर गावांतनं नगं. मान्सांचा जीव जातोय."

"रानात अस्वल हाय, पाटील," धोंडीबा म्हणाले. "त्याचा जीव गेला तर चालंल व्हय?"

अस्वल हा माझाही जुना घोर. मी केरूला किती वेळा म्हटलं, निदान हातात काठी तरी घे. तो म्हणायचा, "वैनी, काठी घिऊन पळालो तर अस्वलच इचारंल, कोन गेलं म्हून."

शेवटी त्याने एक युक्ती काढली. गाव जवळ आलं की मोठ्याने ओरडायचं, "सगळी खुशाल हायती! कुनी गेल्यालं न्हाई!" आठवडाभर डोंगरात त्याची ही आरोळी घुमत होती. माझी धाकटी तर अंगणात तोच खेळ खेळायची. पण ओरडण्यात दम जाऊ लागला. धोंडीबांनी ओढ्यावर त्याला गाठला.

"पळतोस का दवंडी देतोस रं?"

"मग काय करू, तात्या?"

"रोज पळ. गप पळ. रोज पळनारा मानूस रोज मौत कुटनं आनंल? समजंल त्यांचं त्यास्नी."

आणि खरंच समजलं. पावसाळा सरता सरता आंबवड्याची पोरं त्याच्यामागे खिंडीच्या पायथ्यापर्यंत पळू लागली. बायका रडायच्या थांबल्या. पण आता त्या निरोप देऊ लागल्या! कुणाची गाय व्याली, ते भावाला सांग. कुणाला बाजारातून हळद हवी, ते जावेला सांग. केरू मऊ स्वभावाचा. दोन-चार निरोप त्याने पोचवलेही.

हे त्याच्या आईला, रंगुबाईला कळलं. एवढी शांत बाई, पण तरातरा आमच्या दारात येऊन बसली. मी चहा टाकला, तोही तसाच गार झाला.

"बाईसाब, तुमी तरी सांगा त्याला. आज गाय व्याली म्हून सांगंल, उद्या म्हातारी गेली म्हून सांगावं लागंल. त्याच्या बापानं काय म्हून टाकलं ते काम? पोरगं आपल्या पायानं पुन्ना तितंच चाललंय."

मला वाटत होतं, काळजी करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. रंगुबाईची काळजी माझ्यासारखी हवेतली नव्हती. माझं अस्वल कधी दिसलंच नाही. तिचं तिने आयुष्यभर घरात पाहिलं होतं.

सांगायची वेळ माझ्यावर आली नाही. केरू तिच्या मागोमाग आला होता; त्याने ते आमच्या ओट्यावरूनच ऐकलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कुणी हाक मारली की तो हात जोडायचा आणि पुढे जायचा. "लय शेफारलंय," असं लोक म्हणाले. म्हणोत.

मग भरतीच्या आधी, थंडीत, जाईबाई खरोखरच गेली.

केरू नेहमीप्रमाणे सकाळी निघाला, तो ओढ्यावर भाऊसो पाटील उभे. डोळे लाल. मी फाटकाशीच होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"केरू, चुलती गेली. लेक आल्याबिगर माती द्येता येत न्हाई. तू जानारच हैस त्या वाटेनं. एवढं चंद्रीला सांग."

मागे वस्तीच्या कडेला रंगुबाई येऊन उभी राहिली होती. पाटील काही जुलमाने सांगत नव्हते, त्यांचा आवाज विनवणीचाच होता. आणि तेच अवघड होतं. न सांगता चंद्राबाईच्या दारावरून जावं तर तो माणूस कसला? सांगावं तर नाथाजींनी टाकलेलं ओझं लेकाच्या डोक्यावर.

केरू थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिला. मग म्हणाला, "पाटील, वाट मी दावतो. पर सांगंल तुमचंच मानूस. अर्जुनाला धाडा."

अर्जुना पाटलांचा थोरला. तालमीत जाणारा, अंगाने भरलेला. पाटलांच्या कपाळाला आठी पडली. वेळ जात होता. त्यांनी एकदा रंगुबाईकडे पाहिलं, मग मागे वळून हाक मारली, "अर्जुना! पायतान काढ आन् ह्याच्या मागनं पळ."

पुढचं मला अर्जुनानेच नंतर सांगितलं. ओढा ओलांडेपर्यंत त्याला वाटत होतं, आपण केरूला मागे टाकू. रानात पोचल्यावर तो म्हणाला, "केरू, जरा दम खाऊ." केरू म्हणाला, "नाकानं दम घे, गड्या. पाय बारीक टाक. वर बघू नगंस." खिंडीच्या खाली केरूने त्याच्या कमरेला मागून हात लावला आणि तसाच ढकलत वर नेला.

आंबवड्यात चंद्राबाई अंगण सारवत होती. केरू दिसला, तशी ती हातातला बोळा न ठेवता म्हणाली, "आज उशीर झाला रं." आणि पुन्हा खाली वाकली. तेवढ्यात मागून लटपटत अर्जुना आला. तिने मान वर केली, भाच्याकडे पाहिलं, आणि शेणाच्या हातांनीच तोंड झाकलं. अर्जुनाला धाप लागल्याने बोलताही येईना. बोलायची गरजही राहिली नव्हती. केरू बाजूला उभा होता. तो गावाबाहेर जाऊन थांबला, आणि मंडळी निघाली तेव्हा त्यांना रानातली जवळची वाट दाखवत पुढे चालला. चालला, पळाला नाही.

केरू भरतीत निवडला गेला. जाताना एस.टी.च्या खिडकीतून मला म्हणाला, "वैनी, तिकडं सगळीच पळत्यात म्हनं. कुनी इचारनार न्हाई." त्यापुढे आमचीही बदली शहरात, विश्रामबागेला झाली. मुलगा आता इथेच, माझ्या डोळ्यांसमोर आहे. तरी घोर कमी झाला असं नाही.

मध्ये यजमान कामानिमित्त जांभूळमुऱ्याला जाऊन आले. सांगत होते, की आता ज्याच्या घरी मौत होते त्याच्याच घरचा कुणीतरी खिंड चढतो. कुणाला वाट ठाऊक नसते, पावसात कुठे निसरडं आहे ते कळत नाही. मग ती पाटील-देशमुखांची पोरं वस्तीवर येतात आणि अदबीने विचारतात, "मावशे, कुटनं जाऊ?" रंगुबाई ओट्यावरून उठत नाही. तांदूळ निवडता निवडता हाताने दाखवते, "ओढ्याच्या वरल्या अंगानं जा. खाली निसारडं हाय."