पौषातला उकाडा

“अंग माजं हाय, का तुमचं?”

बाईंचं हे वाक्य साताऱ्यातल्या आमच्या आळीत सगळ्यांना पाठ होतं. ते म्हणताना त्या उजव्या हाताचं बोट स्वतःच्या गळ्याखाली टेकवायच्या. समोरचा गप्प झाला की पदराच्या टोकाने मान पुसायच्या आणि कामाला लागायच्या. भर पौषात, लोक उपरणं कानावरून गुंडाळून फिरत असताना, बाईंच्या मानेवर घाम असायचा. मी तो डोळ्यांनी पाहिलेला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मोठमोठ्या माणसांनी तो घाम खोटा ठरवला, आणि त्या गोष्टीचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी एकवीस वर्षांची, सांगलीहून साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आलेली. एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होईना. शेवटी शाळेतल्याच एका वयस्कर शिक्षिकेने, म्हणजे बाईंनी, आपल्या माडीवरच्या खोलीत मला जागा दिली. “ये. दोघींत एक चूल,” एवढंच बोलल्या.

बाई तेव्हा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या असतील. माहेर खटावकडच्या एका खेड्यातलं. नवरा पलटणीत होता. आधीच्या लढाईत तो बसऱ्याकडे गेला आणि तिकडेच तापाने वारला. बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. सासरच्यांनी शेतावर राबायला ठेवलं होतं, तिथून हट्टाने बाहेर पडून त्या शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. वर्गात त्या अगदी छापील मराठी बोलत. घरी आल्या की गावाकडची. रागावल्या म्हणजे दोन्ही एकदम.

आमचं पहिलं भांडण आषाढात झालं. साताऱ्याचा पाऊस तुम्ही अनुभवला असेल तर तुम्हाला माझी बाजू लगेच कळेल. यवतेश्वराच्या बाजूने ढग उतरतात ते थेट अंथरुणात शिरतात. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मी सांगलीच्या उन्हात वाढलेली. वैशाखात कृष्णेच्या घाटावर अनवाणी पळणारी पोर. मला त्या गारठ्याने रडू यायचं. मी दोन गोधड्या, त्यांवर घोंगडी, डोक्याला कानटोपी अशी बसायची. आणि बाई रस्त्याकडची खिडकी सताड उघडून, डोक्यावरचा पदर खाली घेऊन, तिथे उघड्या जमिनीवर बसायच्या.

“बाई, खिडकी लावू का?”

“लावू नगंस. जीव गुदमरतो माजा.”

“अहो, पण मला हुडहुडी भरलीय!”

“तुला अजून एक गोदडी देती. मला कातडी काडून ठेवता येत न्हाई.”

मी शेगडी पेटवली तर ती उचलून त्या जिन्यात नेऊन ठेवायच्या. मला आंघोळीला कढत पाणी लागायचं. त्या रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी डोक्यावर घ्यायच्या. माझ्या बादलीतून वाफा निघताना पाहून एकदा म्हणाल्या, “सांगलीकरीण, आंगूळ करतीस का शिजून निगतीस?” मी चिडले, पण हसूही आलं. भांडण झालं तरी संध्याकाळी माझ्या पांघरुणावर त्यांची घोंगडी असायचीच.

त्यांना उकडायचं तेही आपल्यासारखं नव्हे. भाकरी थापता थापता हात थांबायचा. छातीपासून लाली वर चढायची, कानाच्या पाळ्या तांबड्या व्हायच्या, कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे. घोटभर पाणी पिऊन डोळे मिटून बसायच्या. थोड्या वेळाने उतरायचं. मग थंडी वाजून अंग कापायचं. मला वाटायचं, हा काय चमत्कारिक स्वभाव!

स्वभाव. मी तेव्हा हाच शब्द वापरायचे. शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षिका चहा प्यायला बसल्या, की मी आमच्या खोलीतल्या गमती सांगायची. “आमच्या बाई पावसात खिडकी उघडून बसतात, डोक्यावर पदरसुद्धा नसतो, आणि वर घागरभर गार पाणी!” सगळ्या हसायच्या. मला नवखीला त्या हसण्याची मोठी गोडी वाटायची. एकाही बाईने, आणि त्यांतल्या दोघी चांगल्या पन्नाशीच्या होत्या, मला सांगितलं नाही की मुली, यात हसण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंना मी सांगलीला घरी आणलं. माझ्या आईने त्यांना एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघींना टांग्यात बसवून मिरजेला पाठवलं. तिथल्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाईंना तपासलं आणि माझ्यासमोरच समजावलं. म्हणाल्या, “यात घाबरण्यासारखं काही नाही. पाळी जाण्याचं वय आहे. कुणाला काहीच होत नाही, कुणाला फार त्रास होतो. तुम्हाला फार होतो आहे. मोकळी हवा घ्या, कोंडून बसू नका. दोन-चार वर्षांत निघून जाईल.”

परतीच्या वाटेवर बाई टांग्यात मुसमुसून रडल्या. मी घाबरले. त्या म्हणाल्या, “अगं, रडू दे. मला वाटत हुतं, म्या येडी व्हायला लागले.”

त्या दिवसापासून मी खिडकीबद्दल चकार शब्द काढला नाही. कानटोपीवर आणखी एक रुमाल बांधायला लागले. पण शाळेत सांगितलेल्या गमती आता माझ्या राहिल्या नव्हत्या. त्या घरोघर गेल्या होत्या आणि जाता जाता बदलल्या होत्या. डोक्यावरचा पदर आधी खांद्यावर आला, मग खांद्यावरूनही गेला. विधवा बाई खिडकीत बसते, रस्त्याने जाणाऱ्यांना दिसेल अशी बसते, असं लोक म्हणू लागले. आमच्या खिडकीसमोर शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांचं घर होतं. त्यांनी आमच्या घरमालकाला बोलावून घेतलं.

पौषातली गोष्ट. आम्ही संध्याकाळी शाळेतून आलो तर खोलीत अंधार. खिडकीच्या दोन्ही फळ्या लावून त्यांवर आडवी पट्टी ठोकलेली. सहा खिळे होते, मी मोजले. घरमालक जिन्यात उभे होते. “बाई, माझा नाइलाज आहे. वरून सांगणं आलंय,” म्हणाले. त्या माणसाने अंगात कोट, गळ्यात मफलर, पायात मोजे घातले होते.

बाई सरळ चुलीकडे गेल्या. ताट वाढून घेतलं. दोन घास खाल्ले आणि ती लाली वर चढायला लागली. त्या उठल्या, दाराशी गेल्या, परत आल्या. श्वास असा घ्यायला लागल्या की माझा घास हातातच राहिला. मग त्यांनी कोपऱ्यातल्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिल्या घावाला पट्टी हलली. चौथ्याला ती तुटून जमिनीवर पडली. आवाजाने आळीतली माणसं बाहेर आली. समोरच्या घरातही कोणीतरी दारात आलं. बाईंनी फळ्या ढकलल्या आणि चौकटीला डोकं टेकून उभ्या राहिल्या. वरवंटा हातातच होता.

खालून घरमालकाची बायको वर आली. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुरू होणार. तिने पाण्याचा तांब्या बाईंच्या पुढे केला आणि शेजारी बसली. हळूच म्हणाली, “मलाही होतं हो असं. दोन वर्षं झाली. मी न्हाणीघरात जाऊन बसते, दार लावून.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. “न्हाणीघरात किती दिस बसशीला?”

तिने बाईंचा हात धरला. खालून नवऱ्याची हाक आली तशी सोडून निघून गेली. तिने नवऱ्याला एक शब्द सांगितला असता तर? पण मी तिला कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

चार दिवसांनी मंडळाने बाईंना बोलावलं. मलाही, साक्षीला. आदल्या संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, “पोरी, पुरुषांम्होरं मला ते बोलता येणार न्हाई. जीभ उचलायची न्हाई माजी. तुला इचारतील. तू एवढंच सांग, बाई आजारी हाईत, डॉक्टरनं हवा घ्यायला सांगितलीया. बाकी काय बी सांगू नगंस.”

“सांगेन,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं.

शाळेच्या मोठ्या वर्गात तीन गृहस्थ बसले होते. दुपारची वेळ, तरी तिघांच्या अंगावर शाली. बाई उभ्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही. वीस वर्षं ज्या वर्गात त्या खुर्चीवर बसून शिकवत होत्या, त्याच वर्गात त्यांना उभं केलं होतं.

“खिडकी बंद ठेवायला काय अडचण आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मला उष्मा होतो.”

“पौष महिन्यात?” ते बाकीच्या दोघांकडे पाहून हसले. “आम्हाला तर काही होत नाही.”

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं याला? बाईंचं बोट गळ्याखाली गेलं. छापील मराठी सुटली. “अंग माजं हाय, का तुमचं?”

तिघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या. बाईने असं बोलावं, तेही अध्यक्षांना! मग त्यांनी मला पुढे बोलावलं. आवाज एकदम मऊ झाला. “तुम्ही यांच्याबरोबर राहता. यांच्या डोक्यावर पदर नसतो, हे खरं?”

“खरं.”

“यांना काही आजार आहे का?”

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अध्यक्ष समोरच्या कागदावर बघत म्हणाले, “तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, नाही का?”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

कशाचं उत्तर दिलं मी ते? आजाराचं की नोकरीचं? त्यांनी ते आजाराचं म्हणून लिहून घेतलं. मी बाईंकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहत होते.

शिस्तभंग आणि उद्धटपणा, अशी दोन कारणं देऊन बाईंना कमी केलं. वीस वर्षांच्या नोकरीला एक कागद. निरोपसमारंभ करू नये, असंही त्या कागदात होतं. माणसाला इतकं हलकं करून घालवायचं, तर निदान तोंडाने सांगावं. तेवढंही धाडस त्या तिघांत नव्हतं. कागद शिपायाकडून आला. मी आज त्या तिघांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले, पण ते रस्त्यात दिसले तर मी त्यांना उभं करून विचारीन, तुमच्या घरात बायका नव्हत्या का? आया नव्हत्या? त्या पन्नाशीला आल्या तेव्हा तुम्ही कुठे पाहत होता?

पण हा सगळा जोर आजचा. तेव्हा मी बाईंची ट्रंक बांधायला मदत केली, एवढंच.

खोलीत त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या. पीठ किती दिवस पुरेल, दूधवाल्याला काय सांगायचं. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी आम्ही मोटारस्टँडवर गेलो. खटावकडे जाणारी सर्व्हिस मोटार लढाईतल्या पेट्रोलटंचाईमुळे कोळशावर चालायची, निघायला तास लागायचा. बाई ट्रंकेवर बसल्या. इतक्यात बाजूच्या गल्लीतून एक मुलगी आली, मग तीन, मग पंधरा-वीस. बाईंचा चौथीचा अख्खा वर्ग. त्यांना कोणी सांगितलं, कोण जाणे. हार नव्हता, फुलं नव्हती. घरून काय सांगून आल्या होत्या देवाला ठाऊक. बाईंच्या पुढे नुसत्या उभ्या राहिल्या.

शेवटी बाई म्हणाल्या, “सतरा नव्वे?”

“त्रेपन्नासे!” सगळ्या ओरडल्या. हमाल वळून पाहायला लागले.

“एकोणीस साते?”

“तेहेतीसासे!”

“अडीचकी कुणाची कच्ची आहे?” छापील मराठी परत आली होती. एका लहानखुऱ्या मुलीने हात वर केला. बाईंनी तिला जवळ ओढली आणि मोटार सुटेपर्यंत तिच्याकडून अडीचकी म्हणून घेतली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली.

क्लीनरने ट्रंक वर टाकली. बाई चढायला लागल्या तेव्हा मला राहवलं नाही. मी त्यांचा हात धरला. “बाई, माझं चुकलं. मी सांगायला हवं होतं.”

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, जाऊ दे पोरी. तुम्हालाही वाटलं असेल.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. “व्हय,” त्या म्हणाल्या. “सांगाय पायजे हुतं.”

आणि आत जाऊन बसल्या.

मोटार गेली. मुली धुरात थोडा वेळ उभ्या होत्या. मग ती अडीचकीवाली माझ्याजवळ आली आणि विचारलं, “बाई, आता आम्हाला गणित कोण शिकवणार?”

आदल्याच दिवशी मला पत्र मिळालं होतं. चौथीचा वर्ग माझ्याकडे दिला होता. मला कायम केलं होतं.

“मी,” मी म्हटलं.

मुलींनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेच्या रस्त्याला लागल्या. मी त्यांच्या मागून चालत गेले.