पडून राहिली होती

ठोंबरे वकिलांसमोर कुणी शुद्ध बोलायला लागलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "थांब बाप्पा! घरी बायकोसंग बोलतं तसं बोल. शुद्ध बोलाले लागला का माणूस अर्धं लपवते." राज्याच्या सीमेपलीकडे, हिंदी मुलखात गेलेल्या सौंसरच्या कोर्टाचा कारभार हिंदीत आणि पक्षकार सगळे आपल्या मराठी बोलीतले. पिंजऱ्यात उभे राहिले की बिचारे शब्द शोधत घाम पुसायचे. म्हणून वकीलसाहेब आधी त्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत ऐकून घेत. मी त्यांचा ज्युनियर. पांढुर्ण्याहून रोज बसने यायचो आणि रोज बोलणी खायचो. "नागपूरले शिकाले गेला अन् कान तिथंच ठेवून आला काय बे?" हे तर ठरलेलंच. त्यांच्या रागात माया असायची, पण राग काही खोटा नसायचा.

सौंसरात रंगीत टीव्ही एखाद-दुसऱ्याच घरी होता, तेव्हाची ही गोष्ट. जवळच्याच रामाकोना गावचा रमेश फौजेत होता. त्याचे वडील एक दिवस संत्र्याच्या बगिच्यातून चिखलाच्या पायांनी तसेच आले आणि बाकावर बसून रडायलाच लागले. छावणीच्या लंगरात भांडी घासणाऱ्या एका बाईने रमेशने अंगावर हात टाकल्याचा आरोप केला होता. पोराचं कोर्टमार्शल व्हायचं होतं. आरोप शाबीत झाला असता तर वर्दी गेली असती, तुरुंग झाला असता आणि गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. लष्कराच्या कोर्टात बाहेरचा वकील देता येतो असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

आम्ही छावणीत गेलो. रमेश म्हणाला, बाई ओल्या पायऱ्यांवरून घसरली, तिला सावरायला तो धावला. तिचं डोकं कठड्यावर आपटलं आणि तिची शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा लंगरच्या मागे कुणी नव्हतं आणि परक्या पुरुषाचे हात तिच्या अंगाभोवती होते. ती किंचाळली. रमेशचा काका आमच्यासोबत आला होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, बाई कशी आहे ते काढा ना जरा. सुटंन पोरगा."

वकीलसाहेबांचा चेहरा लाल झाला. "ऊठ इथून! त्या बाईले मी एक वाकडा प्रश्न विचारणार नाही. बेहोश बाई शुद्धीवर येते अन् अंगावर परके हात पाहते. थे काहून खोटं बोलंन? खरंच बोलून राहिली थे." इतका संताप मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

कोर्टात टोप्या घातलेले साहेब रांगेत बसले होते. बाईने आपलं म्हणणं खाली मान घालून सांगितलं. वकीलसाहेबांनी तिला फक्त डोक्याला किती लागलं होतं ते विचारलं. मग रमेशचे सुभेदार साक्षीला आले. माणूस साताऱ्याचा, सरळ. ते म्हणाले, "यानं स्वतः मला मराठीत सांगितलंय, 'बाई पडून राहिली होती, मी धरून राहिलो होतो.' बाई निपचित पडलेली आणि हा तिला सोडेना! आणखी काय पाहिजे?"

संपलं, असंच मला वाटलं. वकीलसाहेब मात्र ताडकन उठले. "हुजूर, सातारा में 'पडून राहिली' यानी पड़ी हुई थी. हमारे सौंसर में इसका मतलब है, गिर रही थी! ये पकड़ रहा था!" साहेब लोक एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी त्यांनी लंगरातल्या एका काटोलच्या, म्हणजे आमच्याच बोलीच्या जवानाला बोलावलं आणि काही न सांगता विचारलं, "पाणी पडून राहिलं, याचा अर्थ काय?" तो खिडकीबाहेर पाहून म्हणाला, "गिर रहा है, साहब. पर अभी तो धूप है!" सुभेदारांचा चेहरा पडला. "मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली," ते म्हणाले. एवढं कबूल करायलाही मोठं मन लागतं.

रमेश निर्दोष ठरला. निकालाला वरून मंजुरी आली आणि त्याला घरी न्यायला म्हणून आम्ही पुन्हा छावणीत गेलो. फाटकाशी ती बाई उभी होती. तिचं काम कधीच सुटलं होतं. तिने विचारलं, "तो मैं झूठी हुई, वकील साहब?"

वकीलसाहेबांनी हात जोडले. "नहीं बहन. आप सच बोलीं."

"आप बोल रहे हो. अंदर किसी ने बोला?"

आत कुणीच बोललं नव्हतं. वकीलसाहेब तिथेच उभे राहिले आणि ती पदर सावरत निघून गेली.

सौंसरच्या स्टँडवर रामाकोन्याची माणसं ढोल घेऊन आली होती. हार, गुलाल, सगळा थाट. रमेश आधी उतरला आणि त्याच्या गळ्यात हार पडलाही. वकीलसाहेब बसमधून उतरता उतरताच ओरडले, "बंद करा थो ढोल! तिकडे एक बाई घरी रडून राहिली!" ढोलवाला गोंधळून थांबला. रमेशने गळ्यातला हार काढून बापाच्या हातात दिला.

काही वर्षांनी वकीलसाहेब अंथरुणाला खिळले. मी भेटायला जायचो तेव्हा कोर्टातल्या गमती सांगायचो, पण त्यांचं लक्ष नसे. शेवटी शेवटी त्यांना माणसंही नीट ओळखू येत नव्हती. एकदा मात्र माझा हात धरून म्हणाले, "तिले कुठं काम लागलं असंन का रे?"

"लागलं असंन, साहेब," मी म्हणालो. मला काय माहीत! चार दिवसांनी ते गेले.