हिरवा दिवा आणि मामांची सब्बल

आमच्या शेडमध्ये दोन गोष्टी साठतात, रिकामे ड्रम आणि किस्से. ड्रम निदान धुऊन, रंगवून गाडीत चढतात. किस्से तिथंच पडून राहतात. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं जालन्याला यायचं, एमआयडीसीत दिवसभर दोनशे लिटरचे जुने लोखंडी ड्रम धुऊन घ्यायचे आणि संध्याकाळी कपड्यांना सोड्याचा वास घेऊन परत जायचं. सुपरवायझर म्हणतात मला. सतरा वर्षं झाली, आता कंटाळा यायचाही कंटाळा आलाय. बायको म्हणते, घरात ड्रमचं नाव काढू नका. म्हणून तुम्हाला सांगतो.

*

सुरुवात कडूबामामांपासून करायला हवी. हसनाबादचा माणूस, शेडमधला सगळ्यात जुना.

पूर्वी आम्ही ड्रम हातानं धुवायचो. आत गरम पाणी, कॉस्टिक सोडा आणि एक जाड साखळी टाकायची, बूच लावायचं आणि दोघांनी तो जमिनीवर लोळवायचा. मग खंगाळून मामांपुढे उभा करायचा. मामा ड्रमच्या तोंडाला नाक लावणार, डोळे मिटणार. पास असेल तर खडूची रेघ. नापास असेल तर शेजारची लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उचलून पत्र्याला भोक.

भोक अशासाठी, की आमच्याकडे उन्हाळ्यात रिकामा ड्रम दिसला की लोक त्यात पाणी भरतात. आधी त्यात फवारणीचं औषध होतं की रंग होता, हे कोण विचारतो? भोक पडलं की विषय संपला. ड्रम थेट लोखंडाच्या भट्टीत.

एकदा एका ड्रायव्हरनं हुज्जत घातली. "काय मामा, चांगला ड्रम होता. मी घरी नेणार होतो ना."

मामा म्हणाले, "म्हणून तर पाडलं."

*

तीनेक वर्षांपूर्वी भोकं फारच वाढली. आधी दहात एखादा नापास व्हायचा, आता निम्मे व्हायला लागले. आमचे सेठ तसे शांत, पण तेही वैतागले.

"मामा, तुम्ही ड्रम धुऊन राह्यले का चाळण्या बनवून राह्यले?"

"शंका आली, सेठ."

"रोज शंका येती?"

"वय झालं. वयात शंका जास्ती येतेत."

सेठनी तिथंच ठरवलं आणि सहा महिन्यांत ऑटोमॅटिक मशीन आणलं. ड्रम पट्ट्यावर उलटा ठेवायचा. खालून नळी आत शिरते, गरम सोड्याचा फवारा मारते, मग साधं पाणी, मग गरम हवा. शेवटी कॅमेरा आत डोकावतो. डाग दिसला तर लाल दिवा, नाही तर हिरवा. साखळीची गरज नाही आणि नाकाचीही नाही.

मशीन बसवायला आलेला इंजिनियर सेठना म्हणाला, "आता माणूस लागतच नाही." आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, हे गाडीतून उतरवायला आठ माणसं द्या."

*

मशीनला पोचे पडलेला ड्रम चालत नाही, अडकतो. आता जालन्यात पोचा नसलेला ड्रम कुठून आणायचा? गाडीवाले वरून जुन्या टायरवर ड्रम फेकतात, तो टायरवर कमी आणि फरशीवर जास्त पडतो. मग प्रत्येक ड्रममध्ये हवा भरायची, ठोकून ठोकून गोल करायचा, आणि मग मशीनला द्यायचा. ठोकायला सेठनी मामांना बसवलं.

आठवडाभर मामा ठोकत राहिले. मग एका दुपारी हातोडी खाली ठेवून म्हणाले, "भाऊ, पह्यले आपण ड्रम धुवायचो. आता मशीनचे लाड करून राह्यलो."

*

दसऱ्याला मशीनची पूजा. सेठनी झेंडूचा हा भला मोठा हार आणला आणि स्वतःच्या हातानं घातला. तो लोंबला नेमका त्या काचेच्या डोळ्यापुढे, जिथून मशीनला ड्रम आल्याचं कळतं. सेठनी बटण दाबलं, आम्ही आरती धरली. मशीनला वाटलं ड्रम आला. सोडा, पाणी, गरम हवा, सगळं रिकाम्या पट्ट्यावर. आम्ही टाळ्या वाजवतोय आणि ते मन लावून धुतंय. कॅमेऱ्यानं आत डोकावून बघितलं, डाग कुठंच नाही. हिरवा दिवा लागला.

सगळे सेठकडे बघायला लागले. मामांनी प्रसादाचं खोबरं चावत निकाल दिला, "हवा पास झाली."

*

पुढचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेडच्या मागं चहाची शेगडी आहे. मशीन आल्यावर एकदा नळी सुटली आणि गॅसचा भपका आला. पोरं ओरडत बाहेर पळाली. मी कोपऱ्यावरून वळलो तर मामा शेगडीच्या शेजारी निवांत बसलेले, ओठात बिडी, हातात काडीपेटी. मी झेप घेऊन काडीपेटी हिसकावली, सिलिंडर बंद केला. 

"मामा, वास येत न्हाई का तुम्हाला?"

मामांनी बिडी कानामागं खोचली. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. तो मोठा ताप आल्ता ना, तवापासून न्हाई. भाकर जळली तरी कळत न्हाई."

"मंग रोज काय हुंगत होता?"

"नाक लावायचो फक्त. आत आधी काय होतं त्याचा कागद ज्याचा बराबर, ज्याचा ड्रायव्हर सरळ सांगायचा, त्याला पास. बाकी भोक."

भोकं का वाढली ते तेव्हा कळलं.

"सेठला सांगशील?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं नाही. बरोबर केलं की चूक, ते मला आजही ठरवता येत नाही.

पण न सांगूनही व्हायचं ते झालंच. दिवाळीच्या तोंडावर सेठ म्हणाले, नाकाचं काम आता उरलं नाही, ठोकायला पोरं आहेत, मामांना गावी पाठवा. निरोप मलाच द्यावा लागला. मामांनी ऐकून घेतलं आणि सब्बल माझ्या हातात दिली. "गंजू देऊ नको," म्हणाले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. 

*

यंदा उन्हाळ्यात सेठच्या मुलीचं लग्न निघालं, परतूर रस्त्यावरच्या शेतावर. विहीर आटलेली, पाणी टँकरचं. ते साठवायला सेठनी आठ ड्रम काढले. कागदावर खाद्यतेलाचे. मशीननं धुतले, आठही हिरवे.

गाडी लागली, पण सेठ ड्रम चढवू देईनात. एकेकात टॉर्च मारून बघितलं. झाकणं लावली, परत काढली. शेवटी मला बाजूला घेतलं.

"जीप घे आन् हसनाबादला जा. मामाला घेऊन ये जल्दी. एकदा हुंगून सांगू दे."

खरं सांगून टाकावं असं वाटलं, पण मी जीपची चावी उचलली.

मामा धुतलेला सदरा घालून आले. पहिल्या ड्रमपाशी वाकले, नाक लावलं, डोळे मिटले. मग दुसरा, मग तिसरा. सेठ मागं मागं. आठही झाल्यावर मामांनी माझ्याकडं हात केला. मी सब्बल दिली.

पहिल्या भोकाला सेठ एक पाऊल मागं सरकले. चौथ्याला म्हणाले, "मामा, सगळेच?"

"सगळेच."

सेठनी उभ्या उभ्या फोन करून प्लास्टिकच्या नव्या टाक्या मागवल्या. मग मामांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "मामा, चूक झाली. सोमवारपासून कामावर या."

मामांना सोडायला मीच निघालो. राजूर मागं पडलं. मग मला राहवलं नाही.

"मामा, ह्यांचा कागद तर बराबर होता."

मामा खिडकीबाहेर बघत होते.

"लगनात लेकरं येतेत, भाऊ," ते म्हणाले. "पाणी तेच जास्ती पेतेत."